हे काम कुणाचं? सामाजिक संस्थेत नव्यानं रुजू होणाऱ्यांसाठी

सामाजिक संस्थेत नोकरी लागली की पहिल्या आठवड्यात एक वाक्य हमखास कानावर पडतं: "हळूहळू कळेल." नियुक्तीपत्रावर 'प्रशासकीय सहायक' किंवा 'कार्यक्रम समन्वयक' असं छापलेलं असतं. पण उद्याच्या प्रशिक्षणाच्या सतरंज्या कुणी सांगायच्या, विश्वस्तांच्या सभेची नोटीस कुणी काढायची, गावातून आलेली बिलं कुणी तपासायची, हे त्या पत्रात नसतं. मग जो समोर दिसेल तो काम करतो. जो गप्प बसतो त्याचं काम सुटतं आणि जो सरळ असतो त्याच्या टेबलावर ढीग साचतो.

मी १२ वर्षं या कामात आहे. सुरुवात ऑफिसात झाली, आवक-जावक आणि व्हाउचरपासून. पुढे कार्यक्षेत्रात समन्वयक म्हणून गेले. दोन्हीकडची तक्रार मला तोंडपाठ आहे. ऑफिसवाले म्हणतात, "फील्डची माणसं कागद देत नाहीत." फील्डवाले म्हणतात, "ऑफिसला फक्त कागदच हवेत." दोघांचं म्हणणं खरं असतं, आणि तरी दोघांच्याही हातून एक गोष्ट निसटलेली असते. गावात जे घडलं त्याचा कागद ऑफिसात असला पाहिजे, आणि ऑफिसात जो कागद आहे त्यामागे गावात काहीतरी घडलेलं असलं पाहिजे. हा मेळ राखणं हेच दोघांचं मिळून एक काम. पुढचं सगळं त्यासाठीच लिहिते आहे.

आधी संस्था वाचून घ्या

पहिल्या आठवड्यात कुणी काम सांगितलं नाही तर अवघडून बसू नका. कपाटातल्या चार फायली मागून घ्या.

पहिली नोंदणीची. महाराष्ट्रात बऱ्याच संस्थांची नोंदणी दुहेरी असते: १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि १९५० च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली. प्रमाणपत्रावर 'एफ' अक्षरानं सुरू होणारा क्रमांक दिसला तर तो या दुसऱ्या कायद्याखालचा. याच फाइलमध्ये घटना आणि नियमावली असते. विश्वस्त किती, गणसंख्या (सभेला किमान हजर हवेत ती माणसं) किती, सभेची नोटीस किती दिवस आधी द्यायची, बँकेत सह्या कुणाच्या, हे सगळं तिथे लिहिलेलं असतं. ऑफिसात तोंडी चालत आलेली पद्धत आणि घटनेतला नियम वेगळे असू शकतात. अशा वेळी घटना खरी.

दुसरी फाइल परिशिष्ट एकची, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या नोंदीची. विश्वस्त बदलले की ९० दिवसांत बदल अर्ज दाखल करावा लागतो. हे राहून गेलं तर लगेच काही कोसळत नाही, म्हणूनच ते राहतं. मग एक दिवस बँक सह्या बदलण्यासाठी परिशिष्ट एकची प्रत मागते, आणि त्यावर पाच वर्षांपूर्वीचीच नावं निघतात. तुम्ही प्रशासनात असाल तर रुजू झाल्यावर पहिल्या महिन्यात ही यादी सध्याच्या विश्वस्तांशी ताडून पाहा.

तिसरी फाइल चालू प्रकल्पांच्या करारांची. प्रत्येक करारातून चार गोष्टी वहीत उतरवा: कालावधी, मंजूर बजेट, अहवालाच्या तारखा, आणि बजेटच्या एका ओळीतला, म्हणजे एका बाबीतला, पैसा दुसऱ्या ओळीत किती टक्क्यांपर्यंत हलवता येतो. ही शेवटची अट लोक वाचत नाहीत. पुढचे निम्मे वाद तिथूनच येतात.

चौथी मागच्या दोन वर्षांच्या ऑडिटची. लेखापरीक्षकानं कशावर शेरा मारला आहे ते पाहा. संस्थेची सवय कुठे ढिली आहे हे या शेऱ्यांतून जितकं कळतं तितकं कुणाच्या सांगण्यातून कळत नाही.

दोन पदं, थोडक्यात

प्रशासनाकडे संस्था कायदेशीरपणे आणि सुरळीत चालती ठेवण्याचं काम असतं. आवक-जावक नोंदवही, मस्टर आणि रजा, सभेची नोटीस आणि इतिवृत्त, खरेदी, डेड स्टॉक रजिस्टर (टेबल-कपाटासारख्या टिकाऊ वस्तूंची नोंदवही), भाडेकरार, विमा, वीज-इंटरनेट, नोंदण्यांची नूतनीकरणं, सरकारी तारखा. छोट्या संस्थेत किरकोळ रोखही त्यांच्याचकडे असते. हिशेबनीस वेगळा असला तर व्हाउचर नोंदवणं, बँकेचा ताळमेळ आणि कर-कपात त्याच्याकडे जाते.

कार्यक्रम समन्वयकाकडे ठरलेला बदल गावात घडवून आणण्याची जबाबदारी असते. वर्षाचा आराखडा, कार्यकर्त्यांचं वेळापत्रक, गावबैठका, प्रशिक्षणं, लाभार्थ्यांची माहिती, पंचायत आणि शासकीय विभागांशी बोलणं, देणगीदाराला अहवाल. आणि बजेटही. हे मुद्दाम सांगते, कारण नवे समन्वयक बजेट हिशेबनिसाचं समजतात. हिशेबनीस खर्च नोंदवतो. खर्च वेळेत आणि योग्य ओळीत होतो आहे ना, याचं उत्तर समन्वयकानं द्यायचं असतं. दर महिन्याच्या पाच तारखेला हिशेबनिसाकडून 'मंजूर, खर्च, शिल्लक' असा तीन रकान्यांचा कागद मागून घ्या. तो मिळत नसेल तर मिळेपर्यंत मागत राहा.

चार प्रश्नांचा तक्ता

आता मूळ दुखण्याकडे येऊ. एक कागद आडवा धरा. डावीकडे महिन्यातली वारंवार होणारी कामं लिहा, वीस-पंचवीस भरतील. प्रत्येक कामासमोर चार रकाने: करणार कोण, उत्तर कोण देणार, आधी विचारायचं कुणाला, झाल्यावर कळवायचं कुणाला. व्यवस्थापनाच्या वर्गात हाच तक्ता 'रेसी' (RACI) या नावानं शिकवतात. नावापेक्षा एक नियम महत्त्वाचा: 'उत्तर कोण देणार' या रकान्यात एकच नाव. करणारे तिघे असू शकतात, उत्तर देणारा एकच. दोन नावं लिहिली की दोघंही दुसऱ्यावर विसंबतात.

उदाहरणार्थ, प्रशिक्षणाचं साहित्य. करणार प्रशासकीय सहायक. उत्तर देणार प्रशासन अधिकारी. विचारायचं समन्वयकाला, कारण नेमकं काय हवं ते त्यालाच माहीत. कळवायचं हिशेबनिसाला, म्हणजे बिल आल्यावर तो अनभिज्ञ राहत नाही. उलट, प्रशिक्षणाला कोण बसणार ती यादी करणार गावातला कार्यकर्ता, उत्तर देणार समन्वयक, आणि कळवायचं प्रशासनाला, कारण जेवण तितक्याच माणसांचं सांगायचं असतं.

हा तक्ता एकट्यानं भरू नका. सगळ्यांना एकत्र बसवून भरा. दोन तास लागतील आणि त्यातला दीड तास तीन-चार कामांवरच जाईल. ती तीन-चार कामं म्हणजेच तुमच्या संस्थेतली दुखरी जागा. माझ्या अनुभवात त्यात गाडी, फोटो आणि पाहुण्यांची व्यवस्था ही असतातच.

नव्या माणसाला हे सुचवायला संकोच वाटतो. पण नव्यानं आलेल्याला विचारण्याची मुभा असते. "मला कळावं म्हणून लिहून घेऊ का?" असं म्हणा, कुणाला राग येत नाही. वर्षभरानं तोच प्रश्न विचारलात तर तो आरोप वाटतो.

तीन कॅलेंडरं एकावर एक

ऑफिसच्या भिंतीवर एक कॅलेंडर असतं. लागतात तीन.

पहिलं कायद्याचं. टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापून घेतलेला आयकर, पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत भरायचा, मार्चचा मात्र ३० एप्रिलपर्यंत. भविष्य निर्वाह निधी लागू असेल तर १५ तारीख. व्यवसाय कर वरच्या टप्प्यातल्या पगारातून कापताना महिन्याला २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३००, म्हणजे वर्षाचे २,५०० भरतात. फेब्रुवारीचा पगार करताना नवा माणूस इथे चुकतो. परदेशी निधी घेणाऱ्या संस्थेला एफसी-४ हे वार्षिक विवरण ३१ डिसेंबरपर्यंत भरावं लागतं, आणि त्या नोंदणीची मुदत पाच वर्षांची असते. शेवटच्या दिवसाची तारीख कॅलेंडरवर लिहू नका. दहा दिवस आधीची लिहा.

दुसरं देणगीदाराचं. कंपन्यांचा सीएसआर (सामाजिक दायित्वाचा) निधी २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ मधून येतो: ठरावीक निकषांत बसणाऱ्या कंपनीनं मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान दोन टक्के खर्च करायचे. तो खर्च कंपनीला आर्थिक वर्षात दाखवावा लागतो, उरला तर वेगळ्या खात्यात किंवा ठरवून दिलेल्या निधीत भरावा लागतो. म्हणून फेब्रुवारीपासून कंपनीचे फोन वाढतात. हा ताण कुठून येतो हे माहीत असलं तर तुम्ही जानेवारीतच खर्चाचा आढावा घ्याल आणि मार्चच्या शेवटच्या आठवड्यात घाईघाईनं खरेदी करण्याची वेळ येणार नाही.

तिसरं गावाचं. हे कुठल्याही ऑफिसात टांगलेलं नसतं आणि माझ्या मते सगळ्यात जास्त हेच जपावं लागतं. कोकणात, इगतपुरी आणि अकोले तालुक्यांकडच्या भातपट्ट्यात जुलैमध्ये लावणी चालते. त्या दिवसांत बायकांना दोन दिवसांच्या प्रशिक्षणाला बोलावणं म्हणजे त्यांची मजुरी बुडवणं. बीडच्या अनेक गावांतली निम्मी घरं दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात ती मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाहीत. तिथे डिसेंबरातलं पालक-सभेचं उद्दिष्ट कागदावरच राहणार. विदर्भात कापूस वेचणीचे दिवस, सगळीकडे लग्नसराई, गावची जत्रा, आठवडी बाजाराचा वार, निवडणुकीची आचारसंहिता. ग्रामसभा बहुधा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला असतात. गावाचा ठराव हवा असेल तर विषय त्याआधी सरपंचांच्या कानावर घातलेला असला पाहिजे.

ही तीन कॅलेंडरं एकावर एक ठेवली की कळतं, वर्षात मोकळे आठवडे किती थोडे आहेत. देणगीदाराला पाठवायचा आराखडा त्या आठवड्यांतच बसवा. समन्वयकानं गावाचं कॅलेंडर आणायचं, प्रशासनानं कायद्याचं, आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात दोघांनी शेजारी बसून वर्ष आखायचं. तिमाही आराखडा केवळ ऑफिसात तयार झाला की तो जुलैत कोलमडतो, हे मी एकाहून जास्त वेळा पाहिलं आहे.

एक प्रशिक्षण, पहिल्या टिपणापासून फाइल बंद होईपर्यंत

बचत गटातल्या ४० बायकांचं दोन दिवसांचं परसातल्या कोंबडीपालनाचं प्रशिक्षण घेऊ. एवढं एक नीट पार पाडता आलं की बाकीचं त्याच वाटेनं जातं.

तीन आठवडे आधी समन्वयकानं एका पानाचं टिपण लिहायचं. कशासाठी, कुणासाठी, कुठे, कधी, शिकवणार कोण, खर्च किती आणि बजेटच्या कुठल्या ओळीतून. हिशेबनीस त्या ओळीत शिल्लक आहे का ते पाहून सही करतो, मग संचालक किंवा सचिव मंजुरी देतात. हे पान फाइलमध्ये सगळ्यात वर. तोंडी मंजुरीवर काम सुरू करू नका. मंजुरी देणारे प्रेमळ असले तरी नको, कारण ते उद्या बदलीवर किंवा आजारी असू शकतात आणि खर्च तुमच्या नावावर उभा राहतो.

मग खरेदी. संस्थेच्या खरेदी-नियमात जी रक्कम ठरली असेल तिच्यावरच्या खरेदीला तीन कोटेशनं, तुलनात्मक तक्ता, ऑर्डर, माल आल्यावर त्याच्यासोबतचं डिलिव्हरी चलन, मग बिल. इथे एक गोष्ट मनाशी पक्की धरा: दुकान निवडणारा, माल ताब्यात घेणारा आणि पैसे देणारा ही एकच व्यक्ती असू नये. ही व्यवस्था कुणावर अविश्वास म्हणून नाही. ती त्या माणसाला संशयापासून वाचवते. छोट्या संस्थेत माणसं तीनच असली तरी किमान माल मोजून घेणारा वेगळा ठेवता येतो. तीन कोटेशनं एकाच दुकानदाराकडून वेगवेगळ्या लेटरहेडवर आणण्याची वाईट सवय काही ठिकाणी दिसते. तुम्हाला कुणी तसं सांगितलं तर नम्रपणे नाही म्हणा, आणि तालुक्याला एकच दुकान असेल तर 'अन्य पुरवठादार उपलब्ध नाही' असं टिपण लिहून मंजुरी घ्या. ते खरं असतं, आणि ऑडिटमध्ये टिकतं.

पुढे ॲडव्हान्स. कार्यकर्ता गावात खर्चासाठी पैसे उचलतो. आधीचा ॲडव्हान्स सुटल्याशिवाय नवा द्यायचा नाही, हा नियम पहिल्या दिवसापासून सांभाळा. एका व्यक्तीला एका दिवसात १०,००० रुपयांपेक्षा जास्त रोख दिली तर तो खर्च आयकराच्या हिशेबात मान्य होण्यात अडचण येते, म्हणून मंडप आणि जेवणाचे पैसे खात्यावरच द्या. गावातल्या आचाऱ्याचं खातं असतं. विचारण्याचा कंटाळा आपल्याला असतो.

आणि प्रत्यक्ष दिवस. हजेरीपत्रक रोजचं वेगळं: नाव, गाव, गटाचं नाव, वय, सही किंवा अंगठा. दोन दिवसांची हजेरी एकाच वेळी घेऊ नका. एकीनं सगळ्यांच्या सह्या ठोकणं तर अजिबात चालू देऊ नका; चाळीस सह्यांचं वळण एकच आहे हे तपासणाऱ्याला एका नजरेत दिसतं, आणि मग खरोखर झालेलं प्रशिक्षणही खोटं ठरतं. आधार कार्डाच्या प्रती सरसकट गोळा करण्याची सवयही सोडा. लागणारच असतील तर पहिले आकडे झाकलेलं मास्क्ड आधार घ्या, कागद कुलपात ठेवा आणि कुणाच्याही मोबाइलवरच्या ग्रुपमध्ये टाकू नका. त्या बाईनं तो कागद आपल्यावर विश्वास ठेवून दिलेला असतो. फोटोआधीही विचारा, लहान मुलांच्या बाबतीत आई-वडिलांना.

प्रवासखर्च देताना एक बारीक बाब. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना निम्मं तिकीट लागतं. बजेट करताना पूर्ण भाडं धरलं असेल तरी द्यायचं ते प्रत्यक्ष तिकिटाप्रमाणे. सरसकट शंभर रुपये वाटून 'तिकिटं हरवली' असं लिहिणं हा सोपा मार्ग आहे आणि तो पुढे फार महाग पडतो.

याच टप्प्यावरची एक गोष्ट सांगते. एका संस्थेत मी समन्वयक असताना अशाच प्रशिक्षणाला ४० ऐवजी ६२ बायका आल्या. शेजारच्या पाड्यावरच्या बायकांनी ऐकलं आणि त्या आपणहून चालत आल्या. मला आनंद झाला, कुणाला परत पाठवणं शक्यच नव्हतं. जेवण वाढवलं, आचाऱ्याला जास्तीचे पैसे जवळच्या रोखीतून दिले, आणि ऑफिसला काही कळवलं नाही. हजेरी ६२, मंजूर टिपण ४०, बिल ६५ ताटांचं, त्यातलं निम्मं रोखीनं. ऑडिटमध्ये तो खर्च अडकला. माझ्या सहकारी हिशेबनिसाला पंधरा दिवस पत्रव्यवहार करावा लागला, ज्यात तिची काडीची चूक नव्हती. त्या दिवशी दुपारी मी एक मेसेज पाठवला असता, 'साठच्या वर बायका आल्या आहेत, जेवण वाढवते आहे, जास्तीच्या खर्चाला मंजुरी हवी', तर उत्तरादाखल 'ठीक' आलं असतं आणि त्या दोन ओळी फाइलला लागल्या असत्या. बायकांना बसू देणं बरोबरच होतं. न कळवणं चूक होतं.

प्रशिक्षण संपल्यावर आठ दिवसांच्या आत ॲडव्हान्सचा हिशेब. बिलावर संस्थेचं पूर्ण नाव, तारीख, परिमाण आणि दर हवेत. 'किराणा, ४,८०० रुपये' असं एका ओळीचं बिल परत पाठवा. ५,००० रुपयांवरच्या रोख पावतीला एक रुपयाचं महसूल तिकीट. मग प्रत्येक मूळ बिलावर प्रकल्पाचा शिक्का, 'अमुक प्रकल्पातून खर्ची'. हा शिक्का क्षुल्लक वाटतो, पण एकच बिल दोन देणगीदारांच्या हिशेबात जाण्याची वाट तोच बंद करतो. फाइलचा क्रम ठरवून टाका: मंजूर टिपण, कोटेशनं, ऑर्डर, चलन, हजेरी, फोटो, बिलं, व्हाउचर, आणि शेवटी समन्वयकाचा दोन पानी अहवाल. अहवाल लागेपर्यंत प्रशासनानं फाइल बंद करायची नाही, हिशेब लागेपर्यंत समन्वयकानं काम झालं म्हणायचं नाही.

हा खर्च प्रशासकीय की कार्यक्रमाचा?

इथे दोन्ही बाजूंचा खरा कस लागतो. परदेशी निधीच्या २०१० च्या कायद्यात २०२० साली दुरुस्ती झाली आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. तो निधी आता आधी नवी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यावा लागतो, आणि दुसऱ्या संस्थेकडे वर्ग करता येत नाही. त्यामुळे ऑफिसचं भाडं, वीज, फोन, हिशेबाचा आणि अहवाल लिहिण्याचा खर्च, व्यवस्थापनातल्या माणसांचे पगार, सगळं त्या २० टक्क्यांत बसवावं लागतं. रुग्णालयातल्या डॉक्टरचा किंवा शाळेतल्या शिक्षकाचा पगार मात्र संस्थेच्या मूळ उद्देशाचा खर्च आहे, तो प्रशासकीय धरला जात नाही.

यातून नव्या माणसानं दोन गोष्टी घ्यायच्या. पहिली, खर्च कुठल्या प्रकारचा हे खर्च करण्याआधी ठरवा. वर्षाच्या शेवटी आकडा बसवण्यासाठी खर्च इकडचा तिकडे हलवणं म्हणजे हिशेब बिघडवणं. दुसरी, तुमचा वेळ दोन प्रकल्पांत विभागला असेल तर टाइमशीट रोजच्या रोज भरा. पगाराचा ६० टक्के भाग एका प्रकल्पावर टाकायचा, तर महिन्यातले तितके दिवस त्या प्रकल्पाचे दिसले पाहिजेत. महिन्याअखेर आठवून भरलेली टाइमशीट दौऱ्याच्या नोंदवहीशी कधीच जुळत नाही.

सीएसआरबद्दल एक गैरसमज सतत भेटतो: 'प्रशासकीय खर्च पाच टक्केच चालतो.' नियमातली ती पाच टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर व्यवस्थापनाच्या खर्चावर आहे. संस्थेला किती प्रशासकीय खर्च मिळणार हे करारात ठरतं. म्हणून बजेट बोलणीला समन्वयकाबरोबर प्रशासनातलं कुणीतरी बसलंच पाहिजे. समन्वयक एकटा गेला की तो उत्साहात उपक्रम वाढवतो आणि ऑफिसचं भाडं, ऑडिटची फी, हिशेबनिसाचा पगार धरायचा विसरतो. मग वर्षभर ती माणसं कमी पगारात राबतात.

अहवालात काय मोजायचं

४० बायकांनी प्रशिक्षण घेतलं, ही निष्पत्ती. सहा महिन्यांनी त्यातल्या किती घरी कोंबड्या जिवंत आहेत, लस वेळेवर दिली जाते का, अंड्यांचे पैसे कुणाच्या हातात येतात, हा परिणाम. पहिला आकडा हजेरीपत्रकातून मिळतो, दुसऱ्यासाठी घरोघर जावं लागतं आणि त्या फेरीचा खर्च बजेटमध्ये आधीच धरावा लागतो. समन्वयकानं हे मागायचं, प्रशासनानं दौऱ्याची गाडी त्यानुसार राखून ठेवायची.

आकडे कमी आले तर कमीच लिहा. २५ घरांतल्या कोंबड्या राणीखेत रोगानं मेल्या असतील तर तसंच लिहा, आणि लस तालुक्याच्या दवाखान्यातून वेळेवर का आली नाही तेही लिहा. कोऱ्या यशापेक्षा असा अहवाल देणगीदाराला पुढच्या वर्षी काय बदलायचं ते सांगतो.

माणसांची बाजू

दहा किंवा जास्त माणसं काम करत असतील तर लैंगिक छळ प्रतिबंधासाठी २०१३ च्या कायद्यानुसार अंतर्गत समिती लागते. अध्यक्ष ज्येष्ठ महिला कर्मचारी, निम्म्या तरी सदस्य महिला, आणि एक सदस्य संस्थेबाहेरचा. ती नेमणं, नावं भिंतीवर लावणं, वार्षिक अहवाल देणं हे प्रशासनाचं काम. पण त्या समितीची गरज बहुतेक वेळा फील्डवर पडते. कायद्यात कामाचं ठिकाण म्हणजे कामानिमित्त जाण्याची जागा आणि संस्थेनं दिलेलं वाहनही येतं. आणि कर्मचारी या शब्दात स्वयंसेवक व प्रशिक्षणार्थीही. रात्री उशिरा पाड्यावरून परतणाऱ्या मुलीला हे माहीत असलं पाहिजे, आणि तक्रार तीन महिन्यांच्या आत करायची असते हेही. रुजू होताना तुम्हाला कुणी सांगितलं नसेल तर समितीत कोण आहे ते विचारा. बाई असा किंवा पुरुष, विचारा.

दौऱ्यावरच्या माणसाचा अपघात विमा चालू आहे का, हेही प्रशासनानं वर्षातून दोनदा पाहायचं. मोटारसायकलवर रोज साठ-सत्तर किलोमीटर फिरणारी ही माणसं आहेत.

काम सोपवताना

तुम्ही आज रुजू झालात, तरी सोपवणुकीची वही आजच सुरू करा. संस्थांमध्ये माणसं दोन-तीन वर्षांत बदलतात आणि त्यांच्याबरोबर संस्थेची आठवणही जाते. वहीत लिहा: कुठली फाइल कुठल्या कपाटात, किल्ली कुणाकडे, कुठल्या अहवालाचं काम किती झालं, कुठल्या सरपंचांशी काय बोलणं झालं, कुणाचे पैसे द्यायचे राहिले, कुठल्या गावाला आपण काय कबूल केलं आहे. शेवटचं तर नक्कीच, कारण गाव विसरत नाही.

आणि एक पान पोर्टलचं. आयकर, भविष्य निर्वाह निधी, परदेशी निधी, दर्पण (सामाजिक संस्थांच्या नोंदणीचं सरकारी पोर्टल), प्रत्येक ठिकाणी नोंदवलेला मोबाइल नंबर कुणाचा, ईमेल कुठला, डिजिटल सही कुणाच्या नावाची आणि ती कधी संपते. नोकरी सोडून गेलेल्या माणसाच्या नंबरवर ओटीपी जातो आहे आणि विवरण भरायची मुदत आज रात्री संपते आहे, अशी वेळ मी पाहिली आहे. संस्थेच्या नावावर एक सिमकार्ड घ्या, सगळ्या पोर्टलवर तोच नंबर नोंदवा, आणि तो फोन ऑफिसच्या कपाटात चार्ज करून ठेवा.